प्रतिसादी वेबपृष्ठरचना

प्रतिसादी वेबपृष्ठरचना : मोबाइल, टॅब्लेट, लॅपटॉप व मेजावरील संगणक यांच्या पडद्यांची रुंदी निरनिराळी असते. एकच वेबपृष्ठ या सर्व पडद्यांवर, तसेच वाचकाने अक्षरे मोठी करून घेतली असतानाही, आडवे सरकवावे न लागता वाचता येईल अशा रीतीने त्याची मांडणी करण्याच्या पद्धतीस प्रतिसादी वेबपृष्ठरचना असे म्हणतात. ही मांडणी एचटीएमएल व सीएसएस या दोन भाषांच्या साहाय्याने केली जाते. एचटीएमएल ही मजकुराचा कोणता भाग शीर्षक, कोणता परिच्छेद व कोणती यादी हे खुणांनी दर्शविणारी भाषा असून सीएसएस ही त्या भागांचे आकारमान, स्थान, रंग, अंतर इ. दृश्य गुण ठरविणारी नियमांची भाषा होय. दोन्ही भाषांतील आज्ञा रोमन लिपीत लिहितात. प्रस्तुत नोंदीत त्या उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत.

केवळ एचटीएमएलमध्ये लिहिलेला व सीएसएसचा एकही नियम न लावलेला मजकूर उपलब्ध रुंदीत बहुतांशी आपोआप बसतो. ओळी रुंदीप्रमाणे मोडतात, परिच्छेद एकाखाली एक येतात आणि पृष्ठ खालच्या दिशेने वाढत जाते. मोठी चित्रे, रुंद कोष्टके व न तुटणारे दीर्घ शब्द हे याला ठळक अपवाद होत. म्हणजे वेबपृष्ठ हे मुळात लवचिकच असते. रचनाकार कागदाच्या पानाप्रमाणे त्यावर ठराविक मापे लादतो, तेव्हा ही लवचिकता नाहीशी होते. म्हणून नवशिक्याच्या पृष्ठाची सुधारणा करणे म्हणजे पुष्कळदा नवे नियम घालणे नसून लवचिकतेच्या आड येणारे नियम शोधून ते काढून टाकणे होय.

पार्श्वभूमी : वेबची कल्पना ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सेर्न या यूरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत मार्च १९८९ मध्ये मांडली. सीएसएसचा पहिला प्रस्ताव नॉर्वेजियन संगणकशास्त्रज्ञ होकोन व्ह्यूम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी प्रसिद्ध केला. पृष्ठाचे दृश्यरूप ठरविताना लेखकाच्या इच्छेबरोबरच वाचकाच्या पसंतीलाही स्थान असावे, हा विचार त्या प्रस्तावातच होता. डच संगणकशास्त्रज्ञ बर्ट बॉस यांच्या सहकार्याने या भाषेचा विकास झाला व १७ डिसेंबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या मानके ठरविणाऱ्या संघटनेने तिची पहिली पातळी शिफारस म्हणून संमत केली.

पृष्ठाचे रकाने पाडण्यासाठी सीएसएसमध्ये बराच काळ स्वतंत्र सोय नव्हती. त्यामुळे रचनाकार प्रथम माहितीची कोष्टके मांडण्यासाठी असलेली एचटीएमएलमधील खूण व पुढे चित्राभोवती मजकूर वळविण्यासाठी असलेला ‘फ्लोट’ हा सीएसएसमधील गुणधर्म या कामी वापरू लागले. १,०२४ पिक्सेल रुंदीचे पडदे सर्रास वापरात असताना पृष्ठ ९६० पिक्सेल रुंद करण्याची चाल पडली. पडदा एकाच मापाचा असेल या गृहीतावर ती आधारलेली होती. ऑस्ट्रेलियातील जॉन ऑलसॉप यांनी २००० मध्येच एका लेखाद्वारे छापील पानावरील नियंत्रणाचा आग्रह वेबवर सोडून द्यावा असे प्रतिपादन केले होते. परंतु २००७ मध्ये आयफोन बाजारात आल्यावर व त्यामागून इतर स्पर्शपटलाचे मोबाइल पसरल्यावरच या प्रश्नाची निकड सर्वांना जाणवली. अमेरिकन रचनाकार ईथन मार्कॉट यांनी २५ मे २०१० रोजी ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेबनियतकालिकातील लेखात प्रतिसादी रचना ही संज्ञा मांडली. वास्तुशास्त्रातील, वापरणाऱ्यांनुसार बदलणाऱ्या वास्तूच्या कल्पनेवरून त्यांनी ती घेतली होती. प्रवाही रकाने, लवचिक चित्रे व मीडिया क्वेरी ही तिची तीन अंगे त्यांनी सांगितली.

नमुनादाखल पृष्ठ : पुढील विवेचनासाठी एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाचे, नवशिक्याने तयार केलेले पृष्ठ कल्पिले आहे. त्याची रुंदी ९६० पिक्सेल ठरवून दिलेली आहे. वर शीर्षक व दुव्यांची पट्टी, डावीकडे ६०० पिक्सेल रुंदीचा मुख्य मजकूर, मध्ये ६० पिक्सेल मोकळी जागा व उजवीकडे ३०० पिक्सेल रुंदीच्या रकान्यात ग्रंथालयाच्या वेळा अशी त्याची मांडणी आहे. मुख्य मजकुरात एक मोठे छायाचित्र व नव्या पुस्तकांची यादी आहे. रचनाकाराच्या संगणकावर हे पृष्ठ नीटस दिसते. मात्र भारतात वेबचा वापर बहुतांशी मोबाइलवरून होत असल्याने बहुसंख्य वाचकांना ते तसे दिसत नाही.

व्ह्यूपोर्ट : ब्राउझर ज्या चौकटीच्या रुंदीच्या आधारे पृष्ठाची मांडणी करतो तिला व्ह्यूपोर्ट म्हणतात. जुनी रुंद पृष्ठे लहान पडद्यावर अखंड दिसावीत म्हणून मोबाइलवरील ब्राउझर ही चौकट प्रत्यक्ष पडद्यापेक्षा रुंद, पुष्कळदा ९८० पिक्सेल, आहे असे मानतात व नंतर सर्व चित्र आक्रसून दाखवितात. ३७५ पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर त्यामुळे १६ पिक्सेलचे अक्षर सु. ६ पिक्सेलचे दिसते. यावर उपाय म्हणून एचटीएमएलच्या शीर्षभागात ‘मेटा’ या खुणेने ‘विड्थ=डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल=१’ अशी सूचना देतात. ती मिळताच ब्राउझर उपकरणाची रुंदी प्रमाण मानतो. याच खुणेत चित्रवर्धनास मनाई करणारा अंश काही जण घालतात. अधू दृष्टीच्या वाचकांची त्यामुळे अडचण होत असल्याने तो कधीही घालू नये.

येथे पिक्सेल म्हणजे पडद्यावरील प्रत्यक्ष प्रकाशबिंदू नव्हे, तर सीएसएसमधील मापनाचे एकक होय. अधिक घनतेच्या पडद्यांवर असे एक एकक दोन किंवा तीन बिंदूंच्या रुंदीचे असते. त्यामुळे प्रत्यक्षात हजाराहून अधिक बिंदूंची रुंदी असलेला मोबाइलही मांडणीच्या दृष्टीने ३६० पिक्सेल रुंदीचा असू शकतो.

रुंदीची मापे : वरील सूचना दिल्यावर नमुना पृष्ठातील खरा दोष उघड होतो. ३६० पिक्सेलच्या पडद्यावर ९६० पिक्सेलच्या पृष्ठाचा डावीकडील भाग तेवढा दिसतो. वेळांचा रकाना डाव्या कडेपासून ६६० पिक्सेल अंतरावर सुरू होत असल्याने तो सर्वस्वी पडद्याबाहेर राहतो. ग्रंथालय केव्हा उघडते एवढेच पाहण्यासाठी आलेल्या वाचकाला नेमके तेच दिसत नाही. अशा वेळी आडवी सरकपट्टी नाहीशी करण्यासाठी ‘ओव्हरफ्लो-एक्स’ या गुणधर्माला ‘हिडन’ हे मूल्य देण्याचा मोह होतो. त्याने केवळ दोषाचे लक्षण झाकले जाते. पडद्याबाहेरील मजकुरापर्यंत पोहोचण्याचा उरलेला मार्गही बंद होतो.

योग्य उपाय म्हणजे ‘विड्थ’ हा गुणधर्म काढून त्याजागी ‘मॅक्स-विड्थ’ योजणे. पहिला पृष्ठ इतकेच रुंद असावे असे सांगतो, तर दुसरा इतक्यापेक्षा अधिक रुंद नसावे एवढेच सांगतो. ही कमाल मर्यादा ६० रेम ठेवता येते. रेम हे पृष्ठाच्या पायाभूत अक्षरमापावर आधारलेले एकक असून ते माप सामान्यतः १६ पिक्सेल असते. म्हणून ६० रेम म्हणजे ९६० पिक्सेल होतात. वाचकाने ब्राउझरमध्ये पायाभूत माप वाढविले तर रेममधील मापेही त्या प्रमाणात वाढतात. पिक्सेलमधील मापे मात्र या पसंतीची दखल घेत नाहीत. याच कारणासाठी अक्षरांची मापे रेममध्ये देणे इष्ट ठरते.

रकान्यांची मापे टक्क्यांत देण्यासाठी मार्कॉट यांनी भागाची रुंदी भागिले त्यास सामावणाऱ्या पेटीची रुंदी हे सूत्र सांगितले. त्यानुसार ६०० भागिले ९६० म्हणजे ६२·५ टक्के, ३०० भागिले ९६० म्हणजे ३१·२५ टक्के व मधल्या जागेसाठी ६·२५ टक्के येतात. मात्र केवळ टक्क्यांनी प्रश्न सुटत नाही. ३६० पिक्सेलच्या पडद्यावर ३१·२५ टक्क्यांचा रकाना ११२·५ पिक्सेलचा होतो व त्यात एका ओळीत जेमतेम दोन-तीन शब्द मावतात. प्रमाण तेच राहिले तरी वाचनीयता टिकत नाही. अरुंद पडद्यावर रकाने एकाखाली एक आणणे हाच त्यावर उपाय होय.

पेटीचे मापन : सीएसएसमध्ये प्रत्येक घटक ही एक पेटी मानली जाते. तिच्यात आशय, त्याभोवती आतील समास व त्याभोवती किनार असते. मूळ नियमानुसार ‘विड्थ’ हे माप फक्त आशयाचे असते. समास व किनार त्यात वरून मिळविली जातात. नमुना पृष्ठातील दोन्ही रकान्यांना दोन्ही बाजूंनी २० पिक्सेल आतील समास दिला, तर एकूण रुंदी ६४० + ६० + ३४० = १,०४० पिक्सेल होते. ९६० पिक्सेलच्या पेटीत ती मावत नाही आणि फ्लोटने मांडलेला उजवा रकाना खाली घसरतो. नवशिक्यांना याचे कारण सहसा उमगत नाही. सर्व घटकांना ‘बॉक्स-सायझिंग’ या गुणधर्माचे ‘बॉर्डर-बॉक्स’ हे मूल्य दिल्यास समास व किनार सांगितलेल्या रुंदीच्या आतच धरली जातात व हा दोष नाहीसा होतो.

चित्रे व दीर्घ शब्द : चित्र आपल्या मूळ रुंदीत दाखविले जात असल्याने ते अरुंद पेटीबाहेर जाते. ‘मॅक्स-विड्थ’ १०० टक्के व ‘हाइट’ ऑटो असे नियम दिल्यास ते पेटीपुरते आक्रसते व त्याचे प्रमाणही बिघडत नाही. एचटीएमएलमधील चित्राच्या खुणेत त्याची मूळ रुंदी व उंची मात्र अवश्य लिहावी. आधुनिक ब्राउझर त्यांवरून चित्राचे प्रमाण काढून त्याची जागा आधीच राखून ठेवतात व चित्र येताच खालचा मजकूर उडी मारीत नाही. ‘सोर्ससेट’ या गुणविशेषाने एकाच चित्राच्या लहानमोठ्या प्रती सांगता येतात. ब्राउझर पडद्याला साजेशी प्रत निवडतो व मोबाइलवर विनाकारण मोठी प्रत उतरवून घेतली जात नाही.

न तुटणारा दीर्घ शब्द किंवा वेबपत्ता हाही पेटी ताणतो. ‘ओव्हरफ्लो-रॅप’ या गुणधर्माचे ‘एनीव्हेअर’ हे मूल्य दिल्यास गरजेपुरता तो तोडला जातो. अनेक स्तंभांच्या कोष्टकाला त्याच्यापुरती आडवी सरकणारी वेगळी पेटी द्यावी, म्हणजे संपूर्ण पृष्ठ सरकत नाही.

फ्लेक्सबॉक्स व ग्रिड : या रकाने मांडण्याच्या दोन आधुनिक पद्धती आहेत. फ्लेक्सबॉक्स घटकांना एका दिशेत, म्हणजे ओळीत किंवा स्तंभात, मांडते. दुव्यांची पट्टी तयार करण्यास ती सोयीची असून ‘फ्लेक्स-रॅप’ या गुणधर्मास ‘रॅप’ हे मूल्य दिल्यास न मावणारे दुवे पुढील ओळीत जातात. ग्रिड ही पद्धत ओळी व स्तंभ अशा दोन्ही दिशांत मांडणी करते. मार्च २०१७ पासून ती प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध होऊ लागली. या दोहोंमुळे मांडणीसाठी फ्लोट वापरण्याचे कारण उरलेले नाही.

नमुना पृष्ठातील नव्या पुस्तकांची यादी ग्रिडमध्ये ‘रिपीट’, ‘ऑटो-फिट’ व ‘मिनमॅक्स’ यांच्या साहाय्याने मांडता येते. प्रत्येक स्तंभ किमान १६ रेम म्हणजे २५६ पिक्सेल असावा व उरलेली जागा समान वाटली जावी, एवढेच त्यात सांगितले जाते. स्तंभांमधील अंतर १६ पिक्सेल असल्यास १,१०० पिक्सेल रुंदीत चार, ७०० पिक्सेल रुंदीत दोन व ३४० पिक्सेल रुंदीत एक स्तंभ पडतो. स्तंभांची संख्या रचनाकार कोठेही लिहीत नाही. ती ब्राउझर ठरवितो. प्रतिसादी रचनेचे तत्त्व या एका नियमात स्पष्ट दिसते.

फ्लेक्सबॉक्स व ग्रिड यांमधील घटक सामान्यतः आपल्यातील सर्वांत लांब शब्दापेक्षा किंवा चित्रापेक्षा अरुंद होण्यास नकार देतो. फ्लेक्सबॉक्समधील घटकास ‘मिन-विड्थ’ शून्य दिल्यास व ग्रिडमध्ये स्तंभाची किमान मर्यादा शून्य धरल्यास हा अडथळा दूर होतो.

मीडिया क्वेरी : व्ह्यूपोर्टची रुंदी किंवा तत्सम अट पूर्ण होत असेल तरच काही नियम लागू करण्याच्या सोयीस मीडिया क्वेरी म्हणतात. तिचे मानक १९ जून २०१२ रोजी शिफारस म्हणून संमत झाले. नवशिके बहुधा रुंद पडद्याची मांडणी आधी करून मग प्रत्येक मोबाइलच्या मापासाठी तीत अपवाद घालीत जातात. याउलट, एका रकान्याची साधी मांडणी मूळ धरून जागा वाढेल तसे रकाने वाढविणे सोपे असते, कारण मूळ मांडणीसाठी जवळजवळ काहीच सांगावे लागत नाही. नमुना पृष्ठात मुख्य मजकूर व वेळा प्रथम एकाखाली एक येतात; रुंदी ४८ एम किंवा अधिक असेल तरच ग्रिडचे दोन स्तंभ दोनास एक या प्रमाणात पाडले जातात.

मांडणी कोणत्या रुंदीला बदलावी हे उपकरणांच्या मापांवरून ठरवू नये, कारण ती मापे सतत बदलत असतात. ब्राउझरची चौकट हळूहळू रुंद करीत जावे व ओळी वाचण्यास फार लांब वाटू लागतील तेथे बदल योजावा. ही अट एम या एककात देण्यात एक लाभ आहे. मीडिया क्वेरीत एम हे वाचकाने ब्राउझरमध्ये निवडलेल्या अक्षरमापावरून ठरते. ते १६ पिक्सेल असता ४८ एम म्हणजे ७६८ पिक्सेल होतात. वाचकाने ते ३२ केल्यास १,५३६ पिक्सेल होतात. त्यामुळे मोठी अक्षरे निवडणाऱ्या वाचकाला मोठ्या पडद्यावरही एका रकान्याची मोकळी मांडणी मिळते. संपूर्ण व्ह्यूपोर्टऐवजी घटकास सामावणाऱ्या पेटीच्या रुंदीवर अट घालणारी कंटेनर क्वेरी ही सोय फेब्रुवारी २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध आहे.

आशयाचा क्रम : फ्लेक्सबॉक्स व ग्रिड यांमध्ये घटकांचा दृश्य क्रम बदलता येतो, पण पडदावाचक आज्ञावली व कळफलकाने दुव्यांवरून सरकण्याचा क्रम ही एचटीएमएलमधील मूळ क्रमानुसारच चालतात. दृश्य क्रम वेगळा असल्यास अंध वाचक व कळफलक वापरणारे यांचा गोंधळ उडतो. म्हणून सीएसएस पूर्णपणे काढून टाकल्यावरही पृष्ठ वरून खाली अर्थपूर्ण वाचता यावे, असा क्रम एचटीएमएलमध्येच ठेवावा. वेळा महत्त्वाच्या असतील तर मोबाइलवर त्या वर दिसाव्यात यासाठी त्यांचे स्थान मूळ लेखनातच वर असले पाहिजे.

देवनागरी मजकूर : देवनागरीत मात्रा, रफार व अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर उकार व काही जोडाक्षरांचे भाग खाली येतात. त्यामुळे ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर लागते. ‘लाइन-हाइट’ हा गुणधर्म पिक्सेलमध्ये न देता १·६ किंवा १·७ अशा एककरहित गुणोत्तरात दिल्यास अक्षरे वाढली तरी ओळी एकमेकींवर येत नाहीत. ठराविक उंचीच्या पेट्या याच कारणासाठी टाळाव्यात. अक्षरांमधील अंतर वाढविणाऱ्या नियमाने शिरोरेषा तुटण्याचा संभव असल्याने तो मराठी मजकुरास लावू नये. एचटीएमएलच्या मूळ खुणेत मराठी भाषेचा निर्देश करावा. त्यामुळे पडदावाचकाला योग्य उच्चार निवडता येतो आणि अक्षरसंचात तशी सोय असल्यास ‘ल’ व ‘श’ यांची मराठीतील रूढ वळणे दाखविली जातात.

परीक्षण : पृष्ठ निर्दोष आहे की नाही हे रचनाकाराच्या स्वतःच्या पडद्यावरून ठरत नाही. वेबपृष्ठांच्या सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे, आवृत्ती २·१, जून २०१८ मध्ये संमत झाली. त्यांनुसार आडवा मजकूर ३२० पिक्सेल रुंदीत आडवे न सरकविता वाचता आला पाहिजे. कोष्टके, नकाशे यांसारख्या मुळातच दोन दिशांत पसरणाऱ्या भागांना यातून सूट आहे. ३२० पिक्सेल हे माप १,२८० पिक्सेलच्या पडद्यावर चौपट वर्धन केल्यावर उरणाऱ्या रुंदीइतके आहे. त्यामुळे संगणकावरील ब्राउझरमध्ये ४०० टक्के वर्धन करूनही ही चाचणी घेता येते. पृष्ठ आडवे सरकत असल्यास सर्व घटकांना तात्पुरती रंगीत ‘आउटलाइन’ द्यावी. कोणती पेटी कडेबाहेर जाते हे लगेच दिसते. ‘विड्थ’ला १०० व्हीडब्ल्यू हे मूल्य दिले असल्यास तेही तपासावे, कारण त्यात उभ्या सरकपट्टीची रुंदीही धरली जाते व तेवढ्याने पृष्ठ कडेबाहेर जाते. शक्य असल्यास शेवटी प्रत्यक्ष मोबाइलवर, उन्हात व एका हाताने वापरून पाहावे.

छापील पानाची रुंदी मुद्रक ठरवितो. वेबपृष्ठाची रुंदी वाचकाचे उपकरण, त्याची दृष्टी व त्याची पसंती यांवरून ठरते. नमुना पृष्ठातील ९६० पिक्सेलचा एक नियम गेल्यावर व वर सांगितलेले मोजके नियम आल्यावर ग्रंथालयाच्या वेळा लहान मोबाइलवरही दिसतात आणि चौपट वर्धन करणाऱ्या वृद्ध वाचकालाही वाचता येतात.